एका अंशाचा उतार

"वाकडा बसवलाय हो तुम्ही," आत्या खाटेवर बसल्या बसल्या म्हणाली. तिची नजर भारी. देव्हाऱ्यातली तसबीर एक दोरा तिरकी झाली तरी तिला झोप लागत नाही. समोर भिंतीतल्या चौकटीत नवाकोरा एसी नुकताच सरकवलेला, आणि त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा खरोखरच जराशी खाली.

फिटरने पाणसळ यंत्राच्या डोक्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा खोलीच्या बाजूला सरकलेला होता. "मावशी, मुद्दामच वाकडा आहे. सरळ बसवला तर पाणी तुमच्या गादीवर येईल."

ठाण्याच्या नौपाड्यातली ही इमारत चारमजली, ऐंशीच्या दशकातली. विटांच्या भिंती, लिफ्ट नाही, आणि स्प्लिट एसीचं बाहेरचं यंत्र टांगायला धड जागा नाही. म्हणून आत्याकडे अजून 'विंडो'च. गंमत म्हणजे तिच्या विंडोला खिडकी नाही, भिंतीतच भोक पाडून तो बसवलेला. तरी त्याला भिंत-एसी कुणी म्हणत नाही. गेली काही वर्षं तिथे एक जुना होता. तो एका कंत्राटदाराने अगदी पाणसळीत, बाहेरच्या भिंतीच्या रेषेत, दिसायला सुबक असा बसवला होता. खोलीत तो टपटप गळायचा आणि मे महिन्यात दुपारी बंद पडायचा. दोन्ही दुखणी यंत्राची नव्हती. बसवण्यातच खोट होती.

विंडोत सारं बिऱ्हाड एकाच पेटीत असतं. पुढे थंड कॉइल, मागे गरम कॉइल, मध्ये कॉम्प्रेसर, आणि दोन्हीकडे दांडा निघालेली एकच मोटर. ती पुढे ब्लोअर फिरवते आणि मागे पंखा. आत फिरतो तो वायू, नव्या यंत्रांत बहुतेकदा आर-३२. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशांनाच उकळतो, पण ११ वातावरणांच्या, म्हणजे मोकळ्या हवेच्या ११ पट, दाबाखाली १० अंशांना. त्या उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या खोलीतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला ३० वातावरणांच्या आसपास दाबतो. तिथे तो ५० अंशांना पुन्हा द्रव होतो आणि उचललेली सगळी उष्णता बाहेर टाकतो. माठही असाच गार होतो. फरक एवढाच की माठातलं पाणी उडून जातं आणि हा वायू फिरून परत येतो. विंडोतली ही नळी कारखान्यातच डाख देऊन बंद केलेली असते. स्प्लिटमध्ये ती आपल्या घरी जोडतात, आतली हवा आणि दमटपणा पंपाने ओढून काढावा लागतो, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. म्हणून विंडोचा वायू सहसा गळत नाही. त्याचं नशीब ठरतं ते चौकटीत आणि उतारात.

आता पाण्याचं. हे ठाणं आहे, नागपूर नव्हे. मे महिन्यात इथे तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ते २४ ग्रॅम बाष्प असतं. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंच खोलीत ३२ घनमीटर हवा मावते. ती २४ अंशांवर आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणायची, तर दर घनमीटरला १२ ग्रॅमच बाष्प उरायला हवं. बाकीचं, म्हणजे खोलीभर मिळून सुमारे ३७० ग्रॅम, पाणी होऊन बाहेर पडायला हवं. मोठा पेला भरेल इतकं. आता उष्णतेचा हिशेब मांडू. हवा आठ अंशांनी गार करायला लागतात जेमतेम ३०० किलोज्यूल, आणि त्या पेलाभर बाष्पाचं पाणी करायला ९००. हवा गार करण्याच्या तिप्पट कष्ट पाणी पिळण्याचे! आपल्याकडचा एसी आधी पिळणारं यंत्र आहे, गारव्याचं नंतर.

एसीचा जन्मही यातूनच झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगायचा, त्यामुळे एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसेनात. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर जे यंत्र आखलं, ते माणसांसाठी नव्हतंच. कागदाला कोरडी हवा हवी होती.

तर हे पिळलेलं पाणी थंड कॉइलवरून ओघळतं, पेटीच्या तळातल्या परातीत पडतं आणि मागे वाहत जातं. मागे जातं ते उतारामुळेच. मोटर ते ढकलत नाही, पंप नसतो. पेटीची खोली असते पाऊण मीटरच्या आसपास. तिच्या मागच्या टोकाला पाव ते अर्धा इंच खाली ठेवायचं. अर्धा इंच म्हणजे कोनात मोजलं तर जेमतेम एक अंश. आत्याला तेवढाही खुपला, हा भाग वेगळा.

मग दोन इंच उतार दिला तर आणखी बरं? नाही. परातीच्या मागच्या भागात थोडं पाणी साचून राहावं अशीच बऱ्याच यंत्रांची रचना असते. मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं. ते त्या डबक्यात बुडून फिरतं आणि पाणी उडवून तापलेल्या कॉइलवर शिंपडतं. पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. खोलीतून काढलेलं पाणी असं फुकटात मागची कॉइल निववतं. उतार फार झाला तर पाणी थांबतच नाही, थेट खालच्या मजल्यावरच्या पत्र्यावर. पाणी शिंपडणाऱ्या कड्याची छपछप ऐकून कित्येक जण बिघाड समजून सर्व्हिसवाल्याला बोलावतात. काही हौशी मंडळी परातीलाच भोक पाडतात. मला विचाराल तर पावसाळी रात्रीचा तो एसीतला सर्वांत हुशार आवाज आहे.

पाण्याचं झालं. आता हवेचं.

मागचा पंखा बाहेरची हवा घेतो ती पेटीच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून, काही यंत्रांत वरूनही, आणि कॉइलमधून मागे फेकतो. म्हणजे बाजूच्या जाळ्या भिंतीच्या बाहेर उघड्यावर असायलाच हव्यात. आत्याच्या घराची बाहेरची भिंत नऊ इंची, प्लास्टर धरून दहा. आधीच्या कंत्राटदाराने पेटी बाहेरच्या रेषेत आणली तेव्हा जाळ्या विटांच्या आड गेल्या. पंखा मग घेणार कुठून? मागे नुकतीच फेकलेली गरम हवाच फटीतून पुन्हा ओढणार. बाहेर ३३ अंश असताना कॉइलला ती ४२ची वाटायची. मागची हवा एका अंशाने तापली की वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी जास्त जाते, आणि एका टप्प्यानंतर कॉम्प्रेसरवरचं संरक्षण त्याला थांबवतं. दुपारी बंद पडण्याचं कोडं इथे सुटलं. नव्या फिटरने पेटी सरळ फूटभर बाहेर ढकलली, खाली लोखंडी अँगलचा आधार दिला आणि अँकर फास्टनर विटांच्या सांध्यात न मारता अख्ख्या विटेत मारले. पन्नासेक किलोचं वजन आहे आणि खालून शाळेची पोरं जातात.

हीच चूक नवी मुंबईत मी वेगळ्या रूपात पाहिली आहे. सिडकोच्या घरांत गॅलरी बंद करून घ्यायची रीत जुनी. नेरुळच्या एका ओळखीच्या घरी गॅलरी खिडक्या लावून खोलीत घेतली, आणि पूर्वीच्या बाहेरच्या भिंतीतला एसी होता तिथेच राहिला. त्याची पाठ बंद गॅलरीत. दीड टनाचं यंत्र खोलीतून पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता काढतं, स्वतःची दीड किलोवॉट त्यात घालतं आणि साडेसहा मागे टाकतं. तिथे गॅलरीतला पापड अर्ध्या दिवसात वाळायचा, एवढाच फायदा.

टनाचा हिशेब बर्फाचा आहे. एक टन म्हणजे अमेरिकी टनभर, ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळवेल इतकी उष्णता ओढण्याचा वेग, म्हणजे साडेतीन किलोवॉट. तो बर्फ एके काळी खरोखरच जहाजाने यायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात गुंडाळून कलकत्त्याला उतरवला आणि पुढच्या वर्षी तो मुंबईतही आला.

दीड टनाला वर काढलेले १,२०० किलोज्यूल चार मिनिटांचं काम. मग खोली चार मिनिटांत गार का होत नाही? कारण खोली म्हणजे हवा नव्हे. आतली हवा भरते ३७ किलो, भिंती आणि स्लॅब मिळून दहा टनांच्या पुढे. त्या दहा टनांना एकच अंश उतरवायला साडेआठ हजार किलोज्यूल लागतात. म्हणून भोक कोणत्या भिंतीत पाडता यालाही महत्त्व आहे. ठाण्याचा अक्षांश १९.२. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उन्हाळ्यात त्यामुळे दक्षिणेची भिंत लोक समजतात तितकी तापत नाही. भाजते ती पश्चिमेची, आणि घेतलेली उष्णता रात्री अकरापर्यंत आत सोडत राहते. पश्चिमेच्या भिंतीतच भोक पाडायचं असेल, तर पेटीवर छज्जा हवा, पण जाळ्या न झाकणारा.

भोकाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगावीशी वाटते. आत्याची भिंत विटांची भराव भिंत आहे. इमारतीचा भार खांब-तुळया घेतात, त्यामुळे वर लिंटल टाकून तिथे भोक पाडता आलं. घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच नव्या टॉवरांत भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यांत सळया घालून एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. गवंडी त्याला 'मायव्हान' म्हणतात. तिथे भिंतच खांबाचं काम करते. सव्वादोन बाय दीड फुटाचं भोक पाडणं म्हणजे खांबाचा तुकडा कापणं. सळई दिसली की ग्राइंडर मागवणारा कारागीर भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. नौपाड्यात जुन्या भारवाही भिंतींची घरंही आहेत, तिथेही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची परवानगी.

पेटी बसली की भोवतीची फट उरते. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पेटीचा घेर सव्वादोन मीटरच्या जवळ जातो, म्हणजे फट एकत्र केली तर तळहातापेक्षा मोठं, साडेदहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक. रात्रभर त्यातून दमट हवा येत राहणार आणि यंत्र पेले भरत राहणार. फिटर थर्मोकोल कोंबायला निघाला होता. थर्मोकोल पेट घेतो आणि उंदीर-मुंग्यांना आवडतो. फोमची पट्टी आणि वरून सिलिकॉन, यात अर्धा तास जास्त गेला.

विजेचं थोडक्यात. वेगळी लाइन, वेगळी एमसीबी, मोठ्या पिनांचा सॉकेट, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. सात अँपिअर प्रवाह ढिल्या पिनेतल्या ०.२ ओहममधून गेला तरी वाटाण्याएवढ्या जागेत दहा वॉट उष्णता तयार होते. प्लग काळा पडतो तो यामुळे. पत्र्याची पेटी आणि पाणी एकत्र आहेत, तेव्हा अर्थिंग तपासल्याशिवाय फिटरला पैसे देऊ नयेत.

खाडीचा मात्र इलाज नाही. कोपरी, ऐरोली, वाशी या पट्ट्यात ओहोटीला चिखल उघडा पडला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीची भांडी त्याच्याच कृपेने काळवंडतात, आणि कॉइलमधल्या तांब्याशीही तो तसाच वागतो. शिवाय खारी हवा तांबं आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यात बारीक विद्युतघट तयार करते. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. पावसाळ्याआधी आणि नंतर मागची कॉइल साध्या पाण्याने, हलक्या धारेने धुवायची. ॲसिडने उजळते ती चार दिवसांपुरती.

पहिल्या रात्री परातीच्या तोटीला नळी लावून मी खाली बादली ठेवली. आत्या आणि आतोबा, दार दोन-तीनदा उघडलं असेल. झोपेत माणूसही तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी श्वासातून, घामातून सोडतो, दोघांचं रात्रीचं पाऊण लिटरच्या आसपास. सकाळी बादलीत पावणेदोन लिटर भरलं. शिंपडून उडालेलं निराळं. आत्याने ते कुंड्यांना घातलं, आणि बादली आठवडाभर तशीच ठेवू नकोस, डासांना तेवढे दिवस पुरतात, हे तिनेच मला सुनावलं.

मग ती खाटेवर बसली, एसीकडे पाहिलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून दुसऱ्या भिंतीला लावलं. सरळ कॅलेंडरशेजारी तो जास्तच वाकडा दिसतो म्हणे.