लोकसहभागी पर्यावरणकला आणि सोलापूर

शहरातील पाणी, कचरा, झाडे आणि मोकळ्या जागा यांच्या जपणुकीसाठी कलावंत व रहिवासी मिळून जे काम करतात, त्याला लोकसहभागी पर्यावरणकला म्हणता येईल. यात वस्तीचे कसब, आठवणी आणि श्रम हाच कलाकृतीचा मुख्य ऐवज असतो.

जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात ७,००० झाडे लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक दगड उभा राहिला. बॉइस १९८६ मध्ये वारले. शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. भारतात नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात आदिवासी कलावंतांसोबत हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या. भरलेले भांडे उचलताना बायकांच्या कमरेवर ताण कमी यावा, याचा विचार त्या रचनेत आहे. पाण्याच्या प्रश्नाशी झगडणाऱ्या गावांना हे उदाहरण अधिक जवळचे वाटावे.

सोलापूर त्यांपैकीच एक. पर्जन्यछायेतल्या या शहरासाठी उजनी धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून आणावे लागते. पण शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून तो खोदवून घेतला, असे परंपरा सांगते. सिद्धराम कन्नड वचनकारही होते. कवीने लोकांना हाताशी धरून शहराला पाणी दिले, ही गोष्ट सोलापूरकरांना नवी नाही. तिच्याकडे कलेच्या अंगाने पाहिले जात नाही, एवढेच. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, सिद्धरामांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. त्यामुळे शहराचा नकाशा दरवर्षी पायी गिरवला जातो. तलाव आणि परिसर राखण्याच्या कामाला याहून मजबूत लोकाधार शोधूनही सापडणार नाही.

दुसरा आधार मागाचा. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर यांतून शहराचा हात घडला. चादरीवरचा मोर किंवा फूल जेकार्ड या मागावरच्या यंत्रणेच्या छिद्रांच्या पट्ट्यांतून उतरते. ते आखणारा कारागीर चित्रकारच असतो. मागावर उरलेले सूत, कापडाच्या कडा आणि घरातली जुनी लुगडी यांतून बायका वाकळ शिवतात. कचरा कमी करण्याची ही रीत ‘पुनर्वापर’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची आहे. सूत रंगवल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न मात्र वाकळीने सुटत नाही. त्याला शुद्धीकरणाची यंत्रणाच लागते.

गणेशोत्सवात कलावंताचा हात थेट पाण्यापर्यंत पोहोचतो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही आणि तिचे रासायनिक रंग पाण्यात उतरतात. म्हणून मूर्तिकारांना शाडू परवडेल अशी व्यवस्था करणे हे तलाव जपण्याचेच काम ठरते.

जानेवारी २०१६ मध्ये सोलापूरची स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत निवड झाली. अशा योजनांत भिंती रंगवणे सोपे असते. पण वस्तीने न निवडलेले चित्र पहिल्या पावसाळ्यानंतर कोणी पुसत-जपत नाही. शिवाय इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. पूर्व भागातल्या विणकरवस्तीत काम करायचे, तर बैठक तेलुगूतही व्हायला हवी, आणि तीही कामाची पाळी सुटल्यावर.