अलाइनमेंटचा कागद हिरवा, तरी गाडी टायर का खाते?

"दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करतो, तरी गाडी टायर खातेच." पावसाळा सरत आला की नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत टायरच्या दुकानांत ही तक्रार सर्रास ऐकू येते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "रस्तेच असे आहेत साहेब, परत एकदा करून घ्या." रस्ते तसे आहेत हे खरंच आहे. पण उत्तर अर्धवट आहे. अलाइनमेंट म्हणजे नट आवळून पक्के केलेले कोन. धडधाकट गाडीत ते दोन महिन्यांत आपोआप सरकत नाहीत. सरकत असतील, किंवा जागेवर असूनही (म्हणजे मशिनच्या छापील कागदावर सगळे आकडे हिरवे, ठीक दिसत असूनही) टायर एका कडेने झिजत असेल, तर ते कोन धरून ठेवणारा कुठला तरी भाग गेलेला आहे, आणि तो शोधल्याशिवाय पुन्हा अलाइनमेंट करण्याचा काही उपयोग नाही.

आधी एक घोळ मिटवू. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते सहसा बॅलन्सिंगमुळे, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्यामुळे. अलाइनमेंटचा संबंध चाकाच्या दिशेशी आहे. त्यात तीन कोन येतात. समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती झुकलाय तो कॅस्टर. टायरच्या झिजेशी त्याचा संबंध कमी. आणि वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की एकमेकांपासून दूर, तो टो. टायरचं सर्वांत जास्त नुकसान करतो तो टो, आणि तेही डोळ्यांना अजिबात न दिसता.

समजा, एका चाकाचा टो 0.2 अंशाने चुकलाय. डोळ्यांना हे चाक अगदी सरळ दिसेल. पण 0.2 अंश म्हणजे दर किलोमीटरला साडेतीन मीटर बाजूला. चाकाला तिकडे जायचंय, पलीकडच्या बाजूचं चाक त्याला उलट ओढतंय, म्हणून गाडी सरळ चालते आणि मधल्या मध्ये रबर घासलं जातं. नाशिक ते मुंबई सुमारे 165 किलोमीटर. तेवढ्या वाटेत ही तफावत जवळपास पावणेसहाशे मीटर होते.

ही तफावत रबर सोसतं कसं, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. टायर रस्त्याला टेकतो ती जागा तळहाताएवढी असते, लांबी साधारण 12 सेंटीमीटर. टायरवरच्या नक्षीचा एक ठोकळा घ्या. तो पुढच्या बाजूने या जागेत शिरतो, रस्त्याला चिकटतो आणि, गाडी पुढे जात असल्यामुळे, चिकटलेलाच राहून या जागेच्या मागच्या टोकाकडे जात राहतो. चाक तिरकं असल्यामुळे वरचा टायर हळूहळू बाजूला जातो, खालचा तळ मात्र रस्त्याला धरून असतो. ठोकळा वाकत जातो. मागच्या टोकाला पोचेपर्यंत हे वाकणं सुमारे 0.4 मिलिमीटर होतं. तिथे त्याच्यावरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि ठोकळा रस्त्यावर खसकन घसरून पुन्हा सरळ होतो. झीज मुख्यतः या शेवटच्या घसरण्यात होते. लहान गाडीचं चाक एका किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे मारतं, म्हणजे प्रत्येक ठोकळा किलोमीटरमागे तितक्या वेळा खरवडला जातो.

आता पुढचा हिशेब. कोन लहान असेतो बाजूचं बल कोनाच्या प्रमाणात वाढतं. बाजूला सरकण्याचं अंतरही कोनाच्या प्रमाणातच वाढतं. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून घर्षणात जाणारी ऊर्जा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टो दुप्पट चुकला तर रबरावरचा मार साधारण चौपट. वर्ग असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते: कोन उणे असो वा अधिक, वर्ग अधिकच येतो. चाक थोडा वेळ आत आणि थोडा वेळ बाहेर वळत राहिलं तर सरासरी शून्य येईल, कागदावर सगळं हिरवं दिसेल, पण झीज मात्र दोन्ही वेळची जमा होत राहील.

पण चाक असं आत-बाहेर का वळेल? इथे बुश येतं. पुढच्या चाकाला खालून धरणारा लोअर आर्म चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, थेट जोडलेला नसतो. मध्ये रबरी बुश असतं. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मधे दोघींना चिकटवलेलं रबर. हादरे गिळायचे आणि तरी चाक जागेवर धरायचं, अशी दोन कामं ते एकाच वेळी करतं. उष्णता, ओझोन, गळणारं ऑइल आणि खड्ड्यांचे धक्के यांनी या रबराला चिरा जातात, कधी ते नळीपासून सुटतं. कसारा घाट उतरताना ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. बुश दबतं, आर्म मागे सरकतो, पण स्टिअरिंगचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, तेवढाच लांब राहतो, त्यामुळे चाक थोडं वळतं. कोणत्या बाजूला, ते गाडीच्या रचनेवर ठरतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर घाट चढताना हेच उलट दिशेने होतं. अलाइनमेंट मशिनवर मात्र गाडी स्वस्थ उभी असते. ना ब्रेक, ना ओढ, ना वळण. हलणारा दात आरशात सरळच दिसतो, भाकरीचा घास तोडताना कळतं. गेलेल्या बुशचंही तसंच आहे. मशिन खोटं बोलत नाही, पण ते फक्त उभ्या गाडीबद्दल बोलतं.

म्हणून निदानाची सुरुवात हाताने करावी. टायरवरून तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागली, तर तो टोचा दोष. बाहेरून आत येताना गुळगुळीत आणि आतून बाहेर जाताना बोटांना बोचत असेल, तर चाकांची तोंडं आत वळलेली आहेत. उलट असेल तर बाहेर. धार नसताना एकच कडा सपाट झिजली असेल तर कॅम्बर बघा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बेअरिंग संशयित.

मग गाडी रॅम्पवर उचलायची. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खट् असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा सांधा. वर-खाली धरून हलवल्यावर लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा) किंवा बेअरिंग. बुश मात्र असं सापडत नाही. त्यासाठी आर्म आणि चासीच्या मध्ये पहार घालून रेटावं लागतं. रेटताच रबराची चीर उघडते आणि आतली नळी एका बाजूला जाते. हे आपल्या डोळ्यांनी बघा, मेकॅनिकला दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो.

दुसरं साधन म्हणजे मशिनचा छापील कागद. त्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने असतात. लोक कागद फेकून देतात. तो जपून ठेवा. पुढच्या वेळच्या 'आधी'ची तुलना मागच्या 'नंतर'शी करा. एकाच चाकाचा आकडा सरकलाय? मग दोष त्या चाकापाशी: बॉल जॉइंट, वाकलेला आर्म, किंवा नीट न आवळलेला टाय रॉडचा लॉकनट. डावीकडे जेवढा वाढला तेवढाच उजवीकडे घटला, बेरीज तीच? मग फक्त स्टिअरिंगचा मध्य हललाय, टायरचं नुकसान त्याने नाही. आकडे जसेच्या तसे आणि तरी झीज चालू? मग बुशवर संशय घ्या. आणखी एक चाचणी अशी: काहीही न बदलता गाडी थोडी पुढे-मागे घ्या, बोनेट दाबून सोडा आणि परत मोजा. दोन वेळा दोन वेगळे टो आले, तर कुठे तरी ढिलाई आहे किंवा मोजणारा घाई करतोय. चाकाला मशिनचा क्लॅम्प लावल्यावर गाडी ढकलून रिमचा वाकडेपणा वजा करायचा असतो, ती पायरी गर्दीच्या दिवशी पुष्कळदा गाळली जाते.

बिलात बऱ्याचदा न लागणाऱ्या गोष्टी येतात, त्याचा मला मनापासून राग येतो. बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये मागचा ॲक्सल एकसंध बीमचा असतो, त्याचा टो किंवा कॅम्बर फिरवायला स्क्रूच नसतो. पुढचा कॅम्बरही पुष्कळ गाड्यांत कारखान्यातूनच कायमचा ठरलेला येतो. तिथे 'चारही चाकांचं अलाइनमेंट' म्हणजे चार चाकं मोजली आणि पुढचा टो लावला, एवढंच. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (चाकाला वरून धरणारा, शॉकॲब्सॉर्बर असलेला खांब) वाकवणारं 'कॅम्बर करेक्शन' तर करूच देऊ नका. जो भाग वाकलाय तो बदलायचा असतो. नायट्रोजन भरल्याने झीज थांबते हाही असाच समज. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, आणि टायरमध्ये कोणताही वायू असला तरी चाकाचा कोन बदलत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधणारे पुष्कळ आहेत, पण तेच लोक वर्षभरात एकदाही गाडीखाली वाकून बघत नाहीत. समृद्धीवर 120 च्या वेगाला आतल्या कडेला तारा दिसू लागलेला टायर फुटतो, तेव्हा त्याला नजर लागलेली नसते. ती कडा उभं राहून दिसत नाही, एवढंच कारण असतं.

लासलगाव-पिंपळगावकडे कांदा आणि द्राक्षं वाहणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भार पडला की गाडी खाली बसते आणि बऱ्याच रचनांमध्ये त्यासोबत पुढचा टो आणि कॅम्बरही बदलतात. रिकाम्या गाडीवर लावलेलं अलाइनमेंट भरलेल्या गाडीला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. बसलेल्या स्प्रिंगा बदलल्याशिवाय तर मुळीच नाही.

क्रम असा ठेवा: आधी हवा, मग ढिले भाग, मग अलाइनमेंट. बुश बसवताना एक काळजी: त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळावा. चाकं लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं बुशही लवकर फाटतं. दुरुस्तीनंतर जुना टायर आवाज करत राहील, कारण धार पडलेले ठोकळे लगेच सरळ होत नाहीत. तेवढ्यावरून काम फसलं असं समजू नका. टायरच्या खाचेची खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. आतली कडा, मध्य आणि बाहेरची कडा अशी तीन मापं आज लिहून ठेवा आणि तीन हजार किलोमीटरनंतर तिथेच परत घ्या. तिन्ही ठिकाणी झीज जवळपास सारखी असेल तर दोष गेला. एखाद्या कडेला स्पष्ट जास्त असेल तर पुन्हा रॅम्पवर जा आणि पहार मागा. कोणतंही माप 1.6 मिलिमीटरपर्यंत आलं असेल तर कायद्याने तो टायर संपला, मग बाकीची नक्षी कितीही शाबूत दिसो.