समोरचा वारा खाणारा गडी

टूर द फ्रान्स या सायकल रेसचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांत पुढे असणाऱ्याची, कोणाला मिळाली. पण एका टीममध्ये आठ रायडर असतात, त्यातले एक-दोघं जिंकायला आलेले, म्हणजे लीडर, आणि बाकीचे त्यांच्यासाठी राबायला. या राबणाऱ्यांना डोमेस्टिक म्हणतात, आणि त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं प्रो रेसिंग करून एकही मोठी रेस न जिंकता रिटायर होतात. लोक याला त्याग वगैरे म्हणतात, मला ते पटत नाही. हे कसबाचं काम आहे आणि ते चक्क वॅटमध्ये मोजता येतं.

पावसाळ्यात नाशिकच्या त्र्यंबक रोडला सातपूर मागे टाकून महिरावणीकडे निघालात की पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी पॉवर घनाने, म्हणजे ३० च्या स्पीडवरून ४० वर जायचं तर एकट्या हवेसाठी सव्वादोन पटीहून जास्त ताकद लागते, आणि सपाटीवर ४० ने जाताना रायडरची बहुतेक सगळी मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. आता पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीत-दीड वीत अंतर ठेवून चालवा, विरोध साधारण तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतो. मोठ्या घोळक्यात तर कमालच होते. २०१८ मध्ये हवेच्या विरोधाचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन यांच्या टीमने १२१ रायडरच्या अख्ख्या घोळक्याचा अभ्यास केला, कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये, तेव्हा आतल्या-मागच्या रायडरला एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के विरोध जाणवतो असं दिसलं.

मग वाचलेली ताकद जाते कुठे? शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं इंधन, साधारण ४००-५०० ग्रॅमच असतं आणि घाटाच्या स्टेजला, म्हणजे रेसच्या एका दिवसाला, पाच-सहा हजार कॅलरी सहज जळतात, कितीही एनर्जी जेल आणि भात खाल्ला तरी हिशोब ओढाताणीचाच. डोमेस्टिक चार तास वारा खातो म्हणून लीडरच्या पायात शेवटच्या अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक राहतं. खरी रेस तिथेच होते.

आणि पुढे राहून ओढणं दिसतं तितकं सोपं नाही हो. आपल्याकडच्या ग्रुप राइडला नवीन पोरगं पुढे आलं की जोशात दणादण मारतं, मागचे तुटतात, मग गॅप भरायला सगळ्यांची दमछाक. चांगला डोमेस्टिक पुढे आला तर मागच्याला कळतही नाही, वॅट तेवढेच, वळणानंतर झटका नाही, बाजूने वारा आला तर तो स्वतः अशा बाजूला सरकतो की लीडर आडोशातच राहावा.

पाण्याचं काम तर बघाच. तो घोळक्यातून मागे टीमच्या गाडीपाशी येतो, खिडकीतून एकेक बाटली घेतो, खिशात, जर्सीत पाठीवर, गळ्यापाशी, जागा मिळेल तिथे कोंबतो. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या म्हणजे चार किलो, आणि रेसच्या सायकलला नियमाने किमान वजन ६.८ किलो, म्हणजे निम्म्या सायकलीहून जास्त ओझं अंगावर घेऊन हा गाड्यांच्या रांगेतून वाट काढत परत पुढे जातो, तेही घोळका ४५ ने पळत असताना. उन्हाळ्यात असं दिवसातून कितीतरी वेळा.

चढावर गणित फिरतं. आठ-नऊ टक्क्यांच्या चढाला स्पीड वीसच्या आसपास येतो, हवेचा फायदा घटतो, वजन बोलायला लागतं, म्हणून घाटासाठी हलक्या अंगाचे मदतनीस वेगळे आणि सपाटीचे दांडगे वेगळे. १९३४ च्या टूरमध्ये अशाच घाटाच्या मदतनिसाने, वीस वर्षांच्या रेने व्हिएट्टोने, लीडर अँतोनॅं मान्यला स्वतःचं चाक काढून दिलं, दुसऱ्या दिवशी तर त्याच्यासाठी उलटा घाट चढून मागे गेला. स्वतः तो पाचवा आला.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करणारी रेस, पूर्ण केली, ती रेस याच्या अगदी उलटी, तिथे दुसऱ्याच्या मागे लपून चालवायला मनाई, ज्याची पाळी त्याने पूर्ण वारा खायचा. म्हणून ड्राफ्टिंगची, म्हणजे मागे लपून चालवण्याची, किंमत नाशिककरांना वेगळी समजवायला लागत नाही.

घाटाच्या दिवशी काम संपवून डोमेस्टिक लीडरला सोडतो, पण त्याची ड्युटी संपत नाही. विजेत्याच्या वेळेवर ठरलेली टाइम लिमिट असते, ती चुकली तर तो रेसमधून बाहेर आणि उद्या लीडरला एक माणूस कमी. म्हणून मागे राहिलेले वेगवेगळ्या टीमचे रायडर एकत्र होतात आणि हिशोब करत वरपर्यंत जातात. पैशाचं बघायचं तर टूरच्या विजेत्याचं पाच लाख युरोचं बक्षीस प्रथेप्रमाणे टीममध्ये वाटलं जातं. करिअरची अडचण मात्र खरी आहे, रँकिंगचे पॉइंट फिनिशच्या नंबरवर मिळतात, वारा खाल्ल्याचे नाहीत, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टच्या वेळी कागदावर दाखवायला फारसं काही नसतं. सेप कुस या डोमेस्टिकने २०२३ मध्ये इटलीच्या जिरोत लीडर रोग्लिचला आणि टूरमध्ये लीडर विंगेगोला जिंकायला मदत केली आणि त्याच वर्षी स्पेनची व्हुएल्टा स्वतः जिंकली, पण तिथे त्या दोघांनाच त्याच्या मागे राहावं लागलं. असं फार क्वचित होतं.