मामांचं कांद्याचं बी आणि जेनेटिक ड्रिफ्टची जुनी भांडणं

निफाडजवळ आमचे मामा घरचंच कांद्याचं बी धरायचे. एका वर्षी गारपिटीनं डोंगळे (कांद्याचे बी धरणारे फुलदांडे) आडवे केले, बांधाच्या कडेला दहा-बारा तेवढे उभे राहिले, मग त्यांचंच बी टाकलं आणि पुढं कांदा जरा फिकाच यायला लागला. मामा म्हणाले, बी फिरलं. वाचलेले डोंगळे काही जास्त दणकट नव्हते हो, तिथं गारा कमी पडल्या एवढंच.

गुण ठरवणाऱ्या जीन्सचं प्रमाण असं नुसत्या योगायोगानं बदलतं, याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात, आणि हे शास्त्रज्ञांच्याही पचनी पडायला वेळ लागला. १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे एकच गणित मांडलं की निवड (म्हणजे जास्त तग धरणाऱ्यांचीच संतती वाढणं) नाही, म्युटेशन (जीनमधला अचानक बदल) नाही, बाहेरून कोणी आलं नाही तर जीन्सचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. पण त्यात एक अट आहे, संख्या अफाट हवी. दहा-बारा डोंगळ्यांना हे कुठून लागू पडणार!

सेवॉल राइट अमेरिकेच्या कृषी खात्यात १९१५ पासून गिनीपिगांवर काम करायचा, भावाबहिणीचे जोड लावून चालवलेले वंश, आणि मुद्दाम काही न निवडताही एकेक वंश रंगानं, अंगानं वेगळा पडत गेलेला. १९३१ मध्ये त्यानं याचं गणित छापलं. इंग्लंडचा संख्याशास्त्रज्ञ फिशर म्हणे, निसर्गात संख्या मोठी असते, नशिबाला एवढा भाव देऊ नका. दोघांचं जे वाजलं ते कधी मिटलंच नाही.

मला स्वतःला पटला तो पीटर बुरीचा १९५६चा प्रयोग. फळमाश्यांचे १०७ गट, प्रत्येकात दर पिढीला ८ नर ८ माद्या, डोळ्याच्या रंगाच्या जीनचे दोन प्रकार सुरुवातीला निम्मे-निम्मे. १९ पिढ्यांनी अर्ध्याहून जास्त गटांत एकच प्रकार उरला, काहींत हा, काहींत तो, जवळपास सारखेच. नाणं उडवल्यासारखं.

मग १९६८ ला जपानचा जनुकशास्त्रज्ञ किमुरा म्हणाला की प्रोटीन इतक्या वेगानं बदलतायत की सगळं निवडीच्या खात्यावर टाकलं तर हिशोबच बसत नाही, रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसते योगायोगानं टिकतात. गंमत म्हणजे निवडीची किंमत, म्हणजे निवडीपायी किती जीव मागे पडतात ते मोजायचा तो हिशोब होता ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनचा, १९५७चा, म्हणजे ज्या वर्षी हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात राहायला आला तेव्हाचा. किमुरावर मग वीसेक वर्षं टीका चालूच होती.