वाकलेला केस आणि वस्तऱ्याची धार

नाशिकचं नावच मुळी धारेवरून पडलं, असं पंचवटीत कुणीही सांगेल. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथंच. त्यामुळे डिसेंबरच्या गारठ्यात, भल्या सकाळी, पंचवटीतल्याच खुर्चीत मान मागे टाकून बसलो आणि गळ्याशी वस्तरा आला की मला भलतेसलते विचार सुचतात.

“अंग सैल सोडा, दादा,” कारागीर म्हणतो.

मला दाढी काढायची नसते, कोरायची असते. वाढ चारेक दिवसांची. गालावरची आणि गळ्यावरची रेघ तेवढी स्वच्छ हवी. ट्रिमरच्या पात्याला दाते आड येतात, म्हणून खुंट राहतात. वस्तरा थेट कातडीला टेकतो, आणि धार नेमकी कुठं चालली आहे हे कारागिराला दिसतं. रेघेला तेच लागतं.

तो ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, कट्. अर्धं वस्तऱ्यात, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारखे आजार रक्तातून पसरतात, म्हणून माणशी नवं पातं. चामड्याच्या पट्ट्यावर सटासट परजायचा जुना वस्तरा आता क्वचितच दिसतो. पट्टा लोखंड फारसं झिजवत नसे. दुमडलेली धार सरळ करत असे, एवढंच.

पण धार जाते कशानं? पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण. लोण्यानं सुरी बोथट व्हावी तसलाच हा प्रकार. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांचा शोधनिबंध २०२० साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यातल्या एकानं स्वतःचीच दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धार घासून गोल झाली असेल, अशी अपेक्षा. दिसले ते टवके! मग एकेक केस सूक्ष्मदर्शकाखालीच कापून पाहिला. केस पात्याला काटकोनात उभा असला तर काही बिघडत नाही. तो वाकला, तिरपा झाला, की ताण धारेच्या एका बाजूला एकवटतो. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते. कच्च्या जागेशी, केसाच्या कडेला असा ताण पडला की कपचा उडतो.

हे वाचल्यापासून मी कारागिराच्या हाताकडे निराळ्या नजरेनं बघतो. त्याचं निम्मं कसब कापण्यात नाही, केसाला वाकू न देण्यात आहे. डाव्या अंगठ्यानं तो कल्ल्याजवळची कातडी वर ताणतो. केस ताठ उभे राहतात आणि पात्यापुढे कातडीची वळी येत नाही. वस्तरा साधारण ३० अंशांत. फार आडवा धरला तर केस ओढला जातो, फार उभा धरला तर कातडी खरवडते.

त्याआधी फेस. घाई केली की तो म्हणतो, “पाणी मुरू द्या.” केस आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पितो. ते केराटिन प्रथिनाच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल करतं, केस फुगून मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. साबणानं वरचं तेल निघतं आणि पाणी आत शिरतं. दोन-तीन मिनिटं द्यावीतच. थंडीत गरम पाण्यानं काम लवकर होतं, आणि बरंही वाटतं.

गालावर सगळं सोपं असतं. खरी परीक्षा गळ्यावर, कारण तिथं केसांना एक दिशा नसते. माझ्या जबड्याखाली तर चक्क भोवरा आहे. एकाच सरळ ओढीत काही केस सुलटे, काही उलटे सापडतात. उलट्या हातानं फार खोल गेलं तर कापलेलं टोक कातडीखाली राहतं, आतल्या आत वाढतं आणि पुटकुळी येते. म्हणून तो तिथं बोटाच्या पेराएवढ्याच आखूड ओढी घेतो, दर ओढीला कातडी निराळीकडून ताणून.

शेवटी तुरटी. पोटॅशियम-ॲल्युमिनियमचं हे क्षार बारीक जखमेवरची प्रथिनं साकळवतं आणि रक्त थांबतं. नितळ जागी ती नुसती गार लागते. जिथं कातडी खरवडली, तिथं चरचरते. आज गालावर गार लागली. भोवऱ्यापाशी मात्र मी “स्स्” केलं, आणि आरशात कारागिरानं न बोलता मान डोलावली.