फेरोसीन जोडलेलं अँटिबायोटिक वेगळं, लोहाच्या गोळीबरोबर गिळलेलं वेगळं

अँटिबायोटिकच्या रेणूला फेरोसीन हा लोह असलेला गट जोडला की त्याचा परिणाम बदलतो, हे खरं आहे. पण बेळगावच्या कॉलेजातून हे वाक्य घरी पोचतं तेव्हा त्याचा अर्थ असा लागतो, की आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबरोबरच घेतली तर दोन्ही जोमानं लागू पडतील. होतं नेमकं उलट. ही गल्लत ऐकून कान किटले, म्हणून लिहितोय.

एकत्र घेण्याचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं. डॉक्सी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकांना लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. सिप्रो हे धातू असलेल्या औषधांच्या २ तास आधी, नाहीतर ६ तासांनंतर घ्यायची. ‘दुधाबरोबर घे, पोटाला बरं’ हा सल्ला निपाणीपासून खानापूरपर्यंत मिळतो. सिप्रोच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

खरी मेख आहे ती लोह कुठे आणि कसं जोडलं जातं यात. सिप्रोच्या रेणूवर दोन ऑक्सिजन एकमेकांजवळ असतात. पोटात लोहाचा सुटा आयन भेटला की ते दोघं मिळून त्याला धरतात. जे संयुग बनतं ते आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. औषध तेच, पण मुक्कामाला पोचत नाही.

फेरोसीनमध्ये पाच-पाच कार्बनांच्या दोन कड्यांमध्ये लोहाचा अणू पक्का बसलेला असतो. हे नारिंगी संयुग १९५१ साली जगापुढे आलं. तो अख्खा गट प्रयोगशाळेत औषधाच्या रेणूला बंधानं जोडतात आणि नवाच रेणू तयार होतो. १९७०च्या दशकात पेनिसिलिनवर हे करून पाहिलं गेलं: जंतूंवर मारा करणारं बीटा-लॅक्टम कडं जागच्या जागी, फेरोसीन बाजूच्या साखळीत. गट मोठा आणि स्निग्ध, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून शिरणं बदलू शकतं, औषध फोडणाऱ्या जंतूंच्या विकराची (एन्झाइमची) पकडही बदलू शकते. शिवाय हे लोह इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतं. हिवतापावरच्या क्लोरोक्विनमध्ये फेरोसीन बसवून १९९०च्या दशकात फेरोक्विन बनवलं. ते अँटिबायोटिक नव्हे, पण क्लोरोक्विनला न जुमानणाऱ्या परजीवींवरही ते प्रयोगांत चाललं, म्हणून हे उदाहरण मला सगळ्यात पटतं.

अँटिबायोटिकला जोडलेलं फेरोसीनमधलं लोह रक्त वाढवण्यासाठी नसतं; ते लाल गोळीतल्यासारखं सहजी सुटत नाही. तरीही कॉलेजच्या नोट्समध्ये पोटात बनणारं संयुग आणि फेरोसीन जोडलेला रेणू या दोन्हीवर ‘धातू-संकुल’ असा एकच शिक्का मारतात, ते मला मुळीच मान्य नाही. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन तर चांदीचा क्षार. तो तिसराच प्रकार, इथे कोंबू नये.

फेरोसीनवालं एकही अँटिबायोटिक अजून दुकानात आलेलं नाही. खडेबाजारातून आणलेल्या डॉक्सीच्या पाकिटाला या संशोधनातलं काहीच लागू नाही. लाल गोळी बंद करू नका. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं, तेवढं डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून घ्या.