तरुण स्त्रियांची आरोग्यविषयक जाण (ठाणे व नवी मुंबई)

तरुण स्त्रिया आरोग्य कशाला म्हणतात आणि ते राखण्यासाठी काय करावे असे मानतात, याचा विचार या नोंदीत साधारण १८ ते ३० वयोगटापुरता केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली लागू झालेल्या घटनेने आरोग्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही सुस्थिती धरल्या. १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्यसंवर्धन म्हणजे लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता येईल असे करणे, अशी मांडणी केली. वागळे इस्टेट किंवा दिघ्यातल्या मुलीची समज यापासून फार दूर नसते. झोप पुरी होतेय, पाळी वेळेवर येतेय, डोक्याला ताप नाही, काम उरकतंय, म्हणजे तब्येत बरी.

दुखणे मात्र अंगावर काढले जाते. थकवा, चक्कर, धाप यांना ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिले जाते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते. हे आधी कोणी सांगितले नसेल तर मुलगी घाबरते आणि पुढची गोळी दप्तरातच राहते. जेवणानंतर घे, लगेच चहा पिऊ नको, वरणभातावर लिंबू पिळ, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. विशीनंतरच्या स्त्रियांसाठी लाल गोळी आहे. पण तोवर शाळा सुटलेली असते आणि आशाताई दारात येतात तेव्हा ही ऐरोलीत कामावर असते. गरोदरपण येईपर्यंत सरकारी यंत्रणेशी तिची गाठ क्वचितच पडते. या विषयातली सर्वांत मोठी उणीव हीच.

सल्ल्यांची कमतरता नाही, ते पाळता येतील अशा परिस्थितीची आहे. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून तुर्भे, वाशीला जाणाऱ्या अनेक जणी घरून निघताना पाणी बेताने पितात, कारण वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. लघवी तासन्‌तास रोखण्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. अशा मुलीला ‘भरपूर पाणी पी’ सांगणारे पत्रक देऊन काय उपयोग? व्यायामाचेही तसेच. घोडबंदरच्या संकुलात जिम असते, चाळीतल्या मुलीला उजेडाचा रस्ता आणि घरातून मोकळा मिळालेला तास लागतो. गणपतीच्या आधी ढोलताशा पथकांच्या सरावाला जाणाऱ्या मुली कमरेला ढोल बांधून घामाघूम होतात. त्याला कोणी आरोग्यसंवर्धन म्हणत नाही; म्हणायला हवे.

पाळी अनियमित झाली की ‘पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार) असेल’ हे मैत्रिणींकडून कळते. तरी अविवाहित मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला कचरते. प्रतीक्षागृहात ओळखीचे भेटले तर घरी प्रश्न सुरू होतात. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ केंद्रे १० ते १९ वयासाठी आहेत. नेमकी नोकरी आणि लग्नाचा दबाव सुरू होतो त्या वयात हा आधार संपतो.

मनाबद्दल आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलले जाते. ठाण्यात १९९० पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेचे काम सुरू आहे, त्यामुळे समुपदेशन हा शब्द इथे अनेक घरांत परका नाही. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. दोन खोल्यांच्या घरात हा फोन करायचा कुठून, हा प्रश्न उरतोच. महाविद्यालयांनी आणि कंपन्यांनी दार लावून बोलता येईल अशी एक खोली दिली, तर तो बराचसा सुटेल.